दोन रिपोर्ट, दोन नावं

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या (वय 64) स्तनातली गाठ काढली. सुईच्या बायोप्सीत 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' असं आलं होतं. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट म्हणतो, 'इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा, न्यूरोएंडोक्राइन डिफरन्सिएशनसह'. ईआर, पीआर (हार्मोनच्या रिसेप्टरच्या चाचण्या) पॉझिटिव्ह, हर-टू (कॅन्सरची वाढ करणाऱ्या प्रथिनाची चाचणी) निगेटिव्ह. नातेवाईक म्हणतात, आतड्यातला कॅन्सर इथे आला असेल. कोणता रिपोर्ट खरा? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, यात कुणी चुकलंच असेल असं नाही. न्यूरोएंडोक्राइन गाठ म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या, मज्जापेशींशी साम्य असलेल्या पेशींची गाठ; ती एरवी आतडं, स्वादुपिंड, फुफ्फुस इथे जास्त दिसते. दुसऱ्या रिपोर्टचा अर्थ, आजूबाजूला शिरलेला कॅन्सर, ज्यात अशा पेशींच्या खुणा आहेत. सुईतून दोऱ्याएवढा तुकडा येतो आणि त्यात जे सापडलं तेवढ्यावरच आम्हा पॅथॉलॉजिस्टना लिहावं लागतं. ऑपरेशननंतर अख्खी गाठ हाती येते.

नावाचे नियमही बदलत आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या वर्गीकरणात निम्म्याहून जास्त पेशींत न्यूरोएंडोक्राइन मार्कर (या पेशींची ओळख सांगणारी प्रथिनं) दिसले की गाठ या गटात जायची. 2012 मध्ये ती निम्म्याची अट काढून टाकली. 2019 पासून आधी पेशींची रचना पाहायची, मग सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या मार्करचे स्टेन, म्हणजे ते रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या. तशी रचना 90 टक्क्यांहून जास्त भागात असेल तरच गाठीला न्यूरोएंडोक्राइन म्हणायचं. 10 ते 90 टक्के असेल तर मिश्र, त्याहून कमी असेल तर नेहमीचाच स्तनाचा कॅन्सर. म्युसिनस आणि सॉलिड पॅपिलरी या स्तनाच्या कॅन्सरच्या प्रकारांत हे स्टेन पुष्कळदा पॉझिटिव्ह येतात, तरी त्यांची नावं तीच राहतात. मला 2019 चा नियम मनापासून पटतो. नुसत्या स्टेनवरून नाव दिलं, की घरची माणसं स्वादुपिंडाच्या गाठींबद्दल वाचत रात्री जागवतात.

नातेवाइकांची शंका मात्र रास्त आहे. फुफ्फुसातून किंवा आतड्यातून आलेली गाठ स्तनात अगदी अशीच दिसू शकते. ईआर पॉझिटिव्ह असणं स्तनाच्या बाजूने बोलतं, पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. रिपोर्टमध्ये 'डीसीआयएस', म्हणजे दुधाच्या नळीतच असलेला कॅन्सर, असा उल्लेख आहे का पाहा. तो असेल तर गाठ स्तनातच सुरू झाली, याला भक्कम आधार मिळतो. नसेल तर गाटा-3 स्टेन (गाठ स्तनातली आहे का हे ओळखायला मदत करणारा) आणि गरजेप्रमाणे स्कॅन करायचा का, हे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.

सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये स्मॉल सेल (न्यूरोएंडोक्राइन कॅन्सरचा वेगाने वाढणारा प्रकार) असा शब्द नसेल, तर उपचार बहुधा स्तनाच्या इतर कॅन्सरसारखेच, स्टेज, ग्रेड आणि ईआर-पीआर पाहून ठरतील. हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या त्यात असतीलच असं मला वाटतं. तरीही मन स्वस्थ नसेल, तर दोन्ही वेळच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि स्तनाचे रिपोर्ट नेहमी पाहणाऱ्या एकाच पॅथॉलॉजिस्टना एकत्र दाखवा. सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक लोक हमखास विसरतात, तोही न्या.