दीक्षेची घाई नको

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम. मनात शंका असताना याच वर्षी डीकनची (धर्मगुरूपदाआधीच्या पायरीची) दीक्षा घ्यावी की थांबावे, असे तू विचारले आहेस. मी थांबलो नव्हतो. पहिल्याच अंत्यविधीत, ज्यावर आपण स्वतः पुरता विचार केलेला नाही ते आपण एका विधवेला आश्वासन म्हणून वाचून दाखवत आहोत, हे कबरीपाशी उभा असताना लक्षात आले आणि माझा आवाज चिरकला. म्हणून नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे चरित्र वाच, असे सुचवतो.

१८२५ साली झाशीजवळ जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे कोकणस्थ शास्त्री मुळात मिशनऱ्यांना निरुत्तर करायला निघाले होते. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतपंडिताच्या, ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाचे खंडन त्यांनी विशीच्या सुमारास संस्कृतातच लिहिले. परंतु विल्यम स्मिथ या अँग्लिकन मिशनऱ्याशी वाद घालता घालता त्यांना आपलीच बाजू लंगडी वाटू लागली आणि १८४८ मध्ये त्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. डीकनची दीक्षा मात्र १८६८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, आणि धर्मगुरूपद १८७० मध्ये मिळाले.

मधली वर्षे सुखाची नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई मुलीच्या जन्मानंतर लवकरच वारल्या आणि लेक दुसऱ्यांच्या घरी वाढली. तरीही १८६० मध्ये हिंदू षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातले खंडन मला ठिकठिकाणी अकारण कठोर वाटते, पण प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे ही काशीची शिस्त त्यांनी चर्चमध्ये आल्यावरही सोडली नाही. पुढे पंडिता रमाबाईंवर त्यांच्या लेखनाचा प्रभाव पडला, त्याचे एक कारण मला हेच वाटते. कावली फादर्स या अँग्लिकन व्रतस्थ धर्मगुरूंच्या संघात ते नवदीक्षित म्हणून राहिले खरे, पण कायमचे व्रत त्यांनी घेतले नाही. १८९५ साली मुंबईत वारले तेव्हाही ते साधे धर्मगुरूच होते.

तेव्हा बिशपांना होकार कळवण्यापूर्वी एक वही घे आणि तुझ्या शंका पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणून लिही, त्याही अशा की शंका घेणाऱ्याने वाचून ‘हेच मला म्हणायचे होते’ असे म्हणावे. उत्तरपक्षाची, म्हणजे तुझ्या उत्तरांची, पाने तूर्त कोरी राहिली तरी चालतील. वही घेऊन ये. आपण बसून वाचू.

तुझा,
एक निवृत्त पाळक