ट्रायम्फची स्ट्रीट ट्रिपल ७६५ मोटरसायकल वर्षाला तीन हजार किलोमीटरच चालते. तरी दर वर्षी सर्व्हिस करायलाच हवी का?

हो, करायला हवी. किलोमीटर भरले नाहीत तरीही.

तुम्ही लिहिलंय की पुस्तिकेत "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" असं आहे, तुमची गाडी बहुतेक वेळ कव्हरखालीच असते, आणि गाडी चाललीच नाही तर झिजणार काय? शिवाय २०,००० किलोमीटरला व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची बारीक फट, खरंच तपासावी लागते का, हेही विचारलंय. त्यातलं "चाललीच नाही तर झिजणार काय" हे वाक्य मी आमच्या घरात इतकं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. माझा आतेभाऊ, दादा, शब्दशः हेच म्हणतो. मी इंदूरजवळ पिथमपूरला एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात आहे. कुठल्या मशीनचं तेल, फिल्टर, सील कधी बदलायचं ह्याचा तक्ता लावायचा आणि तो लोकांकडून पाळून घ्यायचा, हे माझं रोजचं काम. दादा म्हणतो, "कारखान्यातली शिस्त घरच्या गाडीला लावू नकोस." अहो, कारखान्यात सगळ्यात जास्त त्रास देतं ते बंद ठेवलेलं मशीन. चालू मशीन निदान बोलून तरी दाखवतं.

गाडीतल्या काही वस्तू चालवल्याने झिजतात: चेन, स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, व्हॉल्व्हची बैठक. काही नुसत्या दिवस गेल्याने खराब होतात: ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, टायरचं रबर, टाकीतलं पेट्रोल, आणि बऱ्याच अंशी इंजिन ऑइलसुद्धा. "जे आधी होईल ते" हे ह्या दुसऱ्या गटासाठी लिहिलेलं असतं. तुमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीला तेच जास्त लागू पडतं.

आता दादाची गाडी. साडेसहाशे सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची, इंदूरच्या लोकमान्य नगरात घराखाली कव्हर घालून उभी. टाकीवर एक ओरखडा नाही. दर रविवारी पुसून व्हायची, वॅक्स लागायचं, चेनवर स्प्रे मारला जायचा. चालायची मात्र राजवाड्यापर्यंत नाहीतर फार तर छप्पन दुकानला. घेऊन पाच वर्षं होऊन गेली होती आणि ब्रेक ऑइल कंपनीतून भरून आलेलंच होतं. मी दर वेळी म्हणायचे, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं ते, पुस्तिकेत लिहिलंय. त्याचं उत्तर ठरलेलं: "लेव्हल बघ, बरोबर आहे ना? मग?"

मे महिन्यात आम्ही काही जण ओंकारेश्वरला निघालो. तेजाजी नगरला जमलो, पोहे खाल्ले, सिमरोल ओलांडलं आणि भेरूघाट उतरायला लागलो. ज्यांनी तो घाट पाहिला नाही त्यांना सांगते: खंडवा रोडचे तीव्र वळणांचे उतार, आणि ट्रकांची रांग. ट्रक उतरतो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे त्याच्या मागे तुम्हीही त्याच वेगाने. दादा पुढे होता, मागे वहिनी बसलेली. मी माझ्या ३९० ड्यूकवर त्याच्या मागे. त्याचा ब्रेकलाइट विझतच नव्हता. गिअर वरचा ठेवून तो सगळा उतार पुढच्या ब्रेकवर उतरत होता.

एका वळणाच्या अलीकडे त्याने लिव्हर ओढला आणि तो सरळ ग्रिपला जाऊन टेकला. पुढे ट्रकचं मागचं फळकूट, उजवीकडून वर येणारी बस. त्याने दोन-तीनदा भराभर पंप केला, थोडा दाब आला, मागचा ब्रेक दाबला, गिअर खाली पाडले आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या खडीत घातली. थांबली. पडले नाहीत हे त्याचं कसब, ते मी कधीच नाकारलं नाही. वहिनी उतरली तेव्हा तिला हेल्मेटचा पट्टा सोडता येत नव्हता, मी सोडला. पुढच्या डिस्कमधून जळका वास येत होता. मी लिव्हर दाबून पाहिला, आत काहीच विरोध नाही. हँडलवरच्या डबीची काच पाहिली तर आतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं.

अर्धा तास तिथेच थांबलो. डिस्क गार झाली आणि लिव्हर पुन्हा कडक झाला, जणू काही झालंच नव्हतं. दादा म्हणाला, "बघ, काही नाही. गरम झाली होती. चल." पुढे उतरायचंच होतं, आणि तो निघायला तयार होता! मी नाही म्हणाले. वहिनी माझ्या मागे बसली, आम्ही चढ चढून सिमरोलला परत आलो आणि तिथून घरी. आत्या अजून म्हणते, "तुझ्या हट्टापायी दर्शन राहिलं." म्हणू दे.

लिव्हर पुन्हा कडक झाला हाच खरा पुरावा होता, आणि तो कुणाला समजून घ्यायचा नव्हता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. रबरी पाइपातून, डबीच्या झाकणातून, गाडी उभी असली तरी. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की हाच आकडा १५५ अंशांवर येतो. लांबलचक उतारावर सतत दाबलेल्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तिथवर सहज तापतो. ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर ग्रिपपर्यंत जातो आणि कॅलिपरमधला पिस्टन हलत नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि लिव्हर शहाण्यासारखा वागायला लागतो. राजवाड्याच्या फेरीत तो कधीच दगा देणार नाही. तो दगा देणार घाटातच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच अंगणात ऑइल बदललं. ब्लीड निपलला (कॅलिपरवरचं ऑइल काढायचं छोटं तोंड) पारदर्शक नळी लावली, टोक बाटलीत. आधी तपकिरी ऑइल आलं, मध्ये बारीक काळे कण, मग हळूहळू फिकट पिवळं, नव्या ऑइलचा रंग. नळीत जुनं आणि नवं एकमेकांना टेकलेलं स्पष्ट दिसत होतं. दादा उभा राहून बघत होता. म्हणाला, "रंगाने काय होतं?" ह्या एका मुद्द्यावर तो बरोबर आहे, रंग हा खात्रीचा पुरावा नाही. स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. पण मग त्याचा अर्थ उलटा निघतो ना: डोळ्यांनी कळत नाही म्हणूनच तारखेने बदलायचं. लेव्हल बघून तर काहीच कळत नाही, पाण्याने लेव्हल कमी होत नसते. आणि हो, वरच्या गिअरमध्ये घाट उतरणं ही त्याची चूकच होती. इंजिनवर उतरला असता तर कदाचित तो दिवस निभावला असता. पण चांगलं ऑइल असतं तर ती चूकही निभावली असती.

ही बाटली काही शे रुपयांना येते. साडेसहाशे-साडेसातशे सीसीच्या गाडीच्या धन्याने तिच्यासाठी भांडावं ह्याचं मला आजही दुःख होतं.

इंजिन ऑइलचंही तेच. थंड इंजिन सुरू केलं की ज्वलनातली वाफ आणि थोडं पेट्रोल पिस्टनच्या कडेने तेलात उतरतं. इंजिन नीट तापून अर्धा-पाऊण तास चाललं तर ते उडून जातं. पलासियाच्या सिग्नलपर्यंत जाऊन परत आलात तर तेलातच राहतं, आम्ल तयार होतं आणि ते बेअरिंगवर बसून राहतं. तीन हजार किलोमीटर तुम्ही तीन मोठ्या सहलींत केले असतील तर तेलाची अवस्था बरी असेल. तेच तीन हजार पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत केले असतील तर ते दहा हजार हायवेपेक्षा वाईट. म्हणून वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर, त्यावर चर्चा नको. तेल जासो एमए२ ह्या मोटरसायकलसाठीच्या दर्जाचंच. गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारचं घर्षण कमी करणारं तेल टाकलं तर तो घसरायला लागतो.

कूलंट पुस्तिकेतल्या वर्षांप्रमाणे. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून सहा-सात वर्षांच्या कडक झालेल्या टायरवर ७६५ झुकवू नका. पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे, तेही पाणी ओढतं. महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, अर्धी नको. बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावा.

चेन मात्र किलोमीटरची. तुमच्या पुस्तिकेत दर ३०० किलोमीटरला तेल आणि दर ८०० ला ताण तपासायला सांगितलंय. रॉकेलने पुसा, पेट्रोलने नाही, चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथे ताण मोजा. प्रेशरचा पाइप चेनवर आणि चाकाच्या बेअरिंगवर मारू देऊ नका, धुणारा कितीही प्रेमाने म्हणाला तरी. एअर फिल्टर पुस्तिकेपेक्षा लवकर बघा. मी रोज राऊवरून पिथमपूरला जाते, माळव्याच्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ काय करते ते फिल्टर उघडल्यावर दिसतं.

आता तुमचा व्हॉल्व्हचा प्रश्न. हे काम किलोमीटरचं आहे, वर्षांचं नाही. तुमच्या हिशोबाने २०,००० यायला अजून वर्षं आहेत, तेव्हा आत्ता कुणी करायला सांगितलं तर नाही म्हणा. पण २०,००० आले की करायचंच, "आवाज तर येत नाही" म्हणून पुढे ढकलायचं नाही. लोकांचा इथेच मोठा गैरसमज आहे. टॅपेटचा टकटक आवाज म्हणजे फट जास्त आहे, त्याने इंजिन लगेच मरत नाही. ह्या बकेट-शिमवाल्या (पातळ चकतीने फट ठरवणाऱ्या) इंजिनांत फट बहुधा कमी होत जाते, कारण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत थोडा थोडा रुतत जातो. फट कमी झाली की इंजिन उलट शांत होतं. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता बैठकीत उतरत नाही आणि कडा जळते. तेव्हा कळतं, पण तोवर हेड उघडायची वेळ आलेली असते. तीन सिलिंडरचे बारा व्हॉल्व्ह, इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या मापाने, मोजायचे, रात्रभर गाडी तिथेच ठेवायला लागते. सकाळी देऊन दुपारी "झालं" म्हणून परत मिळाली तर मोजलेल्या फटींचा कागद मागा. कागद नाही तर काम झालं नाही असं मी धरते.

सर्व्हिस सेंटर सांगेल ते सगळं करा असं मी म्हणत नाहीये. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, कसलं कोटिंग, हे पुस्तिकेत नसेल तर बिलातून काढायला सांगा. वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र शिक्के अधिकृत ठिकाणचेच घ्या. आणि हे सगळं मी मोठ्या गाड्यांबद्दल बोलतेय. रोजच्या सव्वाशे सीसीच्या गाडीला, जी घाटात जातच नाही, एवढा काटेकोरपणा मीही लावणार नाही. ब्रेक ऑइल सोडून. ते तिलाही दोन वर्षांनी.

स्वतः बदलणार असाल तर एक सांभाळा. तुमच्या गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) आहे. ब्लीड करताना डबी कधीही रिकामी होऊ देऊ नका. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर ती घरी निघेलच असं नाही, सर्व्हिस सेंटरला संगणक लावूनच काढावी लागू शकते. ऑइल टाकीवर सांडलं तर रंग उठतो, ओलं फडकं हाताशी ठेवा. सील न फोडलेली नवी बाटलीच वापरा, मागच्या वेळची उरलेली नको. आणि पुढचं झालं की मागच्या ब्रेकचंही करा. दादाने सांगितलं होतं मागचं राहू दे, मी ते तेव्हाच बदललं होतं.