‘शेझ’ आपल्या शेजेवरची नव्हे

प्रश्न एका वाचक ताईंचा आहे: ‘हॉलमध्ये फ्रेंच धाटणीची लांब खुर्ची करून घ्यायची आहे. दुकानदार तिला चेस लाउंज म्हणतो, घरसजावटीच्या लेखांत शेज लाउंज असं वाचते. हा आपलाच शेज शब्द फ्रेंचांनी उचलला, असाही एक संदेश फिरत आला. खरं काय? आणि सुताराला मराठीत काय सांगू?’

ताई, आधी तो ‘लाउंज’ काढून टाका. मूळ फ्रेंच शब्द ‘शेझ लाँग’. शेझ म्हणजे खुर्ची, लाँग म्हणजे लांब. संपलं. ‘लाँग’च्या फ्रेंच स्पेलिंगमध्ये जी सहा अक्षरं आहेत, तीच इकडची तिकडे केली की इंग्रजी ‘लाउंज’ होतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनी, त्यातही अमेरिकनांनी, तसं वाचलं. लाउंज म्हणजे ऐसपैस रेलणं, आणि या खुर्चीवर लोळायचंच असतं, त्यामुळे अर्थही जुळल्यासारखा वाटला आणि चूक रुळली. त्यांनी ती रुळवली म्हणून आपण का उचलायची? आपण तर फ्रेंच नाव फ्रेंच थाटासाठी घेतो ना? मग ते निदान फ्रेंच तरी असू द्या. आणि ‘चेस’ म्हणजे बुद्धिबळ. शोरूमच्या पाटीवर, किंमतपत्रकात, चकचकीत मासिकांत हे ‘चेस लाउंज’ इतक्यांदा दिसतं की मला आता त्याचा खरोखर त्रास होतो.

आता शेज. आपली शेज संस्कृत ‘शय्या’वरून आली, प्राकृतात ‘सेज्जा’ होऊन. हिंदीत ती सेज झाली. धातू ‘शी’, म्हणजे निजणे. पंढरपुरात, शिर्डीत रात्री शेजारती होते ती याच शेजेची. फ्रेंच शेझचा धातू मात्र बसण्याचा आहे. एक निजते, दुसरी बसते. दोघींचं नातं नाही. गोंधळ होतो तो आपल्या ‘ज’मुळे. शेज, शेजारी यांतला ज आपण दाताशी जीभ नेऊन म्हणतो, ‘जहाज’मधल्यासारखा, आणि तो फ्रेंच झच्या फार जवळ जातो. हिंदी भाषकाला सेज आणि शेझ सारखे वाटणार नाहीत, मराठी कानाला वाटतात. पण कानाला सारखं वाटलं म्हणून गोत्र एक ठरत नाही. व्हॅटिकन म्हणजे वाटिका असं ठोकून देणारा पंथ आपल्याकडे जुना आहे. त्यांचं म्हणणं वाचून अभिमान वाटतो, पण त्यातून भाषा कळत नाही.

आणि गंमत बघा, या मंडळींनी खोटं नातं जोडायच्या नादात खरं नातं सोडून दिलं!

शेझ हे ‘शेर’ या जुन्या फ्रेंच शब्दाचं बदललेलं रूप. शेर आला लॅटिन ‘काथेड्रा’वरून, तो ग्रीक ‘काथेद्रा’वरून. काता म्हणजे खाली आणि हेद्रा म्हणजे बसायची जागा. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना स गळून ह होतो. आपलं सप्त तिकडे हेप्टा होतं ते असंच. हेद्रामधल्या हेदच्या ह च्या जागी स घालून पाहा: सेद. लॅटिनमध्ये तो सेदेरे, इंग्रजीत सिट, संस्कृतात सद्. म्हणजे सदन, परिषद, सभासद, संसद, आणि गुरूजवळ खाली बसून ऐकायचं ते उपनिषद. पॅरिसच्या दिवाणखान्यातली ती मखमली शेझ आणि दिल्लीतली संसद एकाच धातूची लेकरं आहेत. फ्रेंचांनी हा धातू आपल्याकडून नेलेला नाही. दोघांनाही तो एकाच पूर्वजाकडून मिळाला. (वाड्यातली ‘सदर’ मात्र या यादीत घालू नका. ती अरबी ‘सद्र’वरून आली, त्याचा अर्थ छाती, पुढचा भाग, मानाची जागा. सदरेवर बसतात म्हणून ती सद् धातूची, असं सांगणारे भेटतात, त्यांना हे ऐकवा.)

हे नातं बघायला पॅरिसला जायलाही नको. गोव्यात कोकणीत खुर्चीला ‘कदेल’ म्हणतात. ते पोर्तुगीज ‘कादेइरा’, आणि कादेइरा थेट काथेड्रामधून. म्हणजे गोव्यातल्या बाल्कांवावरची, म्हणजे घरापुढच्या ओसरीवरची, कदेल ही फ्रेंच शेझची सख्खी चुलत बहीण. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल घ्या. बांधकाम 1562 मध्ये सुरू झालं, लोक फोटो काढून येतात, नावाकडे कुणी बघत नाही. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन, काथेड्रा, असतं ते चर्च. आणि पोर्तुगीज ‘से’ म्हणजे लॅटिन ‘सेदेस’, आसन. दोन्ही शब्दांत तोच सद्. अख्ख्या नावात बसण्याशिवाय दुसरं काही नाही!

पण माझा जीव अडकलाय तो शेरची शेझ कशी झाली यात. र जाऊन झ कुठून आला? पंधराव्या-सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये दोन स्वरांच्या मधला र घसरून झसारखा व्हायला लागला. डच विद्वान इरास्मसने 1528 मध्ये लॅटिन-ग्रीकच्या शुद्ध उच्चारांवर लिहिताना याची तक्रार केली आहे: पॅरिसच्या बायका मारियाला मासिया म्हणतात, ‘मा मेर’ला, म्हणजे ‘माझी आई’ला, ‘मा मेझ’ म्हणतात. पुढे ही लकब मागे पडली, बहुतेक सगळे र परत आले. मेर पुन्हा मेर झाली. शेझ मात्र परतली नाही. आणि शेरही मेला नाही! आज फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द जिवंत आहेत. शेर म्हणजे चर्चमधलं प्रवचनाचं उंच पीठ आणि विद्यापीठातलं अध्यासन. शेझ म्हणजे घरातली साधी खुर्ची. इंग्रजांनी मात्र शब्द घेतला तो हा बदल व्हायच्या आधी, म्हणून त्यांच्या चेअरमध्ये र तसाच राहिला, आणि आपल्या सोसायटीचे चेअरमनही.

आता माझं म्हणणं. इरास्मसने हा उच्चार बायकांच्या गळ्यात घातला आहे, आणि मला तो बरोबर वाटतो. बघा ना, र टिकला कुठे? धर्मपीठात आणि विद्यापीठात, जिथे त्या काळी बाईला पाऊल ठेवायची सोय नव्हती. झ टिकला कुठे? घरात. म्हणजे एका शब्दाची वाटणी झाली: पुरुषांच्या जागेला पुरुषांचा उच्चार, बायकांच्या जागेला बायकांचा. यावर अभ्यासक मंडळी म्हणतात की तो पॅरिसच्या सामान्य लोकांचाच उच्चार होता, पुरुषही तसंच बोलत. इरास्मसने नाक मुरडायला बायका निवडल्या इतकंच. पुरावा म्हणून फ्रेंच नाटककार मोलिएरचं 1672 चं ‘ले फाम सावांत’ हे नाटक पुढे करतात. त्यात मार्तीन नावाची मोलकरीण म्हणते की विद्वान लोक ‘शेझ’वरून प्रवचन करण्यापुरतेच कामाचे. म्हणायला हवं होतं शेर, ती म्हणते शेझ. ‘पाहा,’ हे लोक म्हणतात, ‘हा उच्चार गरिबांचा, बायकांचा नव्हे.’ मला हा पुरावा त्यांच्यावरच उलटलेला दिसतो. मार्तीन गरीब आहे हे कबूल, पण ती बाई आहे आणि स्वयंपाकघरात राबते. नाटककाराला विद्वत्तेच्या आसनाला घरगुती शब्द चिकटवायचा होता, तेव्हा त्याने तो कुणाच्या तोंडी घातला? घरकाम करणाऱ्या बाईच्या. कोशांत ‘लोकभाषेतला उच्चार’ एवढी नोंद करून विषय मिटवतात. पण मग सगळे झ गेले आणि हाच का राहिला, याचं उत्तर त्या नोंदीत नाही. माझ्या म्हणण्यात आहे.

तसा आणखी एक झ तगून राहिला, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चष्म्याला जुना फ्रेंच शब्द ‘बेझिक्ल’. आज तो गमतीने वापरतात. त्याचं आधीचं रूप ‘बेरिक्ल’, म्हणजे इथेही र चा झ. बेरिक्ल आला ‘बेरिल’ या पारदर्शक खड्याच्या नावावरून, कारण जुनी भिंगं अशा खड्यांची करत. बेरिल ग्रीक ‘बेरिल्लोस’वरून, आणि बेरिल्लोस आपल्याकडच्या प्राकृत ‘वेरुलिय’वरून, म्हणजेच वैडूर्य! जर्मन लोक चष्म्याला ‘ब्रिल’ म्हणतात तेही याच घरचं. शेज पॅरिसला गेली असं सांगत फिरणाऱ्यांनो, पॅरिसला गेलं ते वैडूर्य. तुमच्या संदेशात ते घाला, मी स्वतः पुढे पाठवेन.

बरं, शेज बिछान्याची आणि शेझ बसण्याची, दोन्ही वेगळ्या, हे ठरलं. तरीही फ्रेंच घरात एक जागा अशी होती की जिथे बिछाना आणि बैठक एकत्र आली. सतराव्या शतकात मादाम द रांबुये पॅरिसमध्ये आपल्या निळ्या खोलीत बैठक भरवत. त्या काळच्या प्रतिष्ठित बायका पाहुण्यांना बिछान्यावर रेलून भेटत, आणि पाहुणे बसत पलंग आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. त्या जागेला शब्द होता ‘रुएल’. रू म्हणजे रस्ता, रुएल म्हणजे बोळ. पलंगाशेजारच्या बोळात साहित्यचर्चा! याच मंडळींची मोलिएरने 1659 मध्ये थट्टा केली, तेव्हा त्यांच्या तोंडी आरामखुर्चीला ‘संभाषणाच्या सोयी’ असं नाव घातलं होतं.

आणि इथे मला आपला ‘शेजार’ आठवतो. तो शेजेपासूनच निघाला असं मी मानते; शेजेलगतची जागा ती शेजार, तिथे जो असतो तो शेजारी. आधी खोलीतली जवळीक, मग भिंतीपलीकडची. अर्थ असेच वाढतात, आतून बाहेर. असं असेल तर फ्रेंच रुएल आणि मराठी शेजार हे अर्थाने जुळे आहेत, रक्ताचं नातं नसताना. पलंगाजवळच्या जागेला स्वतंत्र शब्द लागावा इतकं त्या जागेचं महत्त्व दोन्ही समाजांना वाटलं. अशी जोडी सापडली की मला उच्चारसाम्याच्या शंभर जोड्यांपेक्षा जास्त आनंद होतो.

तर शेझ लाँग. अठराव्या शतकात फ्रेंच दिवाणखान्यात खुर्च्यांचे दोन वर्ग असत: भिंतीशी कायमच्या मांडलेल्या आणि गप्पा रंगतील तशा इकडेतिकडे ओढायच्या. दुसऱ्या वर्गामुळे ते घर राहतं वाटायचं, पहिल्यामुळे श्रीमंत. आपल्याकडे ‘फ्रेंच लुक’ म्हणून जे विकतात त्यात नेमका पहिलाच वर्ग असतो: सोनेरी मुलामा, बटणं ठोकलेली पाठ, आणि कुणी बसायचं नाही. मला ते आवडत नाही. मला आवडते ती फ्रेंच चित्रकार दाविदच्या चित्रातली. 1800 सालचं मादाम रेकामिएचं चित्र, लूव्रमध्ये आहे. खोली जवळपास रिकामी. उंच दिवा, एक लांब आसन, त्यावर पांढऱ्या साध्या पोशाखात अनवाणी बाई रेलली आहे, आणि कोपराखाली चक्क लोड! आपल्या बैठकीवर असतात तसे गोल. सजावट म्हणजे एवढंच: एक रेष सुंदर असलेली वस्तू आणि तिच्याभोवती मोकळी जागा. त्या धाटणीच्या आसनाला पुढे ‘रेकामिए’ हेच नाव पडलं. त्यानंतर मन गुंततं ते एकदम 1928 च्या शेझ लाँगवर: वास्तुकार ल कॉर्बुझिए, प्येर जानरे आणि शार्लोत पेरियां यांची, वाकवलेल्या पोलादी नळ्यांची. तिचं श्रेय सर्रास एकट्या कॉर्बुझिएला देतात, हेही चूकच. हेच जानरे पुढे चंदीगडला आले आणि तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या. आज त्या खुर्च्या परदेशी लिलावांत लाखांत जातात.

सुताराचं राहिलंच. त्याला शेझही सांगू नका आणि लाउंज तर नाहीच. ‘एकाच टोकाला पाठ असलेला दिवाण’ म्हणा, त्याला लगेच कळेल. लांबी साडेपाच फूट, बैठक जमिनीपासून सोळा-सतरा इंच, पाय निमुळते, खाली खण नको. खण केलात की त्यात जुन्या गोधड्या जाणार आणि आसनाची रेष बुजणार. लेखात लिहायचं असेल तर ‘शेजखुर्ची’ लिहा. शेज शय्येची, खुर्ची अरबी ‘कुर्सी’ची, आणि वापरही नेमका तोच: निम्मं निजणं, निम्मं बसणं.

आणि ‘दिवाण’ शब्द फ्रेंच थाटात बसत नाही असं दुकानदार म्हणाला तर त्याला सांगा की तो फ्रेंचमध्येही आहे, ‘दिवां’. फारसीत दिवाण म्हणजे हिशेबाची वही, मग ती ठेवायची कचेरी, मग कचेरीतली गाद्यांची बैठक. आपल्याकडे राज्याचा दिवाणही त्यातलाच. हाच शब्द अरबी आणि इटालियनमधून फिरून दुसऱ्या वाटेने फ्रान्सला पोहोचला तो ‘दुआन’ होऊन. दुआन म्हणजे जकात, कस्टम्स. पॅरिसच्या विमानतळावर सामान तपासतात तिथली पाटी त्याचीच आहे.