पॉलिहाऊसमध्ये काकडीवर काकडी घेतली की उत्पादन का घटतं?

खत वाढवूनही चौथ्या पिकाला वेल खुजे राहिले, दुपारी माना टाकतात आणि तोडे लवकर संपतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी विद्राव्य खतं थांबवा आणि एक वेल खुरप्यानं मुळासकट काढा. उपटू नका, बारीक मुळ्या मातीतच तुटतात, आणि बघायच्या असतात त्या त्याच.

धुतलेल्या मुळीवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. उबदार मातीत त्यांची पिढी महिन्याभरात पुरी होते, म्हणजे एका पिकात दोन-तीन पिढ्या. वर लगेच पुन्हा काकडी, म्हणजे पंगत वाढलेलीच! गाठी नसतील तर खोड उभं चिरा. आत तपकिरी रेषा असल्या तर फ्युजारियम या मातीतल्या बुरशीची मर.

दोन्ही नाही, तरी नवी पांढरी मुळी फुटत नाही? मग क्षार बघा. उघड्या रानातले क्षार पावसाळा धुऊन नेतो. पॉलिहाऊसमध्ये पाऊसच नाही, त्यामुळे जास्तीचं खत बेडमध्येच साचतं आणि कडेला पांढरट थर येतो. ईसी म्हणजे क्षार किती ते दाखवणारी विद्युत वाहकता. संपृक्त अर्काची (माती पाण्यानं जेमतेम भिजवून काढलेल्या पाण्याची) ईसी २.५ डेसिसीमेन्स/मीटरच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककामागे काकडीचं उत्पादन साधारण १३ टक्के घटतं. मातीत जादा पाणी मिसळून मोजलेली ईसी बरीच कमी दिसते, म्हणून माती परीक्षणाचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारून घ्या. शिवाय काकडीची मुळं सिनॅमिक आम्लासारखी द्रव्यं सोडतात, ती पुढच्या काकडीलाच बाधतात.

मी तुमच्या जागी असतो तर एप्रिल-मेमध्ये पीकच घेतलं नसतं. जुनी मुळं वेचून काढायची, बेड भिजवायचे, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरायचं आणि पॉलिहाऊस ४ ते ६ आठवडे बंद ठेवायचं. काळा पेपर नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. नंतर निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मुरवलेलं शेणखत घाला. क्षार असतील तर निचरा बघून नुसतं पाणी सोडून धुवा.

बेवड बदलायचा, म्हणजे पीक फिरवायचं, म्हणून टोमॅटो किंवा ढोबळी मिरची लावू नका, सूत्रकृमी दोन्हींवर पोसतात. फ्रेंच झेंडू चालेल. चीन-जपानमध्ये भोपळवर्गीय खुंटावर (खालच्या मुळं असलेल्या रोपावर) काकडीचं कलम सर्रास करतात. मरीवर ते चांगलं चालतं, पण सूत्रकृमी त्या खुंटालाही सोडत नाहीत. म्हणून रोपांची ऑर्डर देण्याआधी मुळी बघा, जमलं तर फोटो इथे टाका.