काटा हलला नाही, म्हणून बूट कोपऱ्यात

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम-मार्गदर्शकांची उत्तरं

प्रश्न : वय ४२, वजन ७४ किलो. आठवड्यातले पाच दिवस, रोज पाऊण तास, असं सहा आठवडे शिवाजी पार्कला चालले. वजन उतरलं जेमतेम पाऊण किलो. आता गजर वाजला की बंद करून पुन्हा झोपते. इच्छाशक्ती टिकवायची कशी? — एक वाचक, दादर

उत्तर : इच्छाशक्तीकडे नंतर वळू, आधी हिशेब करू. तुमच्या वजनाच्या व्यक्तीने पाऊण तास बऱ्यापैकी झपाझप चाललं, म्हणजे पार्काला साधारण तीन फेऱ्या मारल्या, तर बसून राहण्यापेक्षा सुमारे १४० कॅलरी जास्त खर्च होतात. तुम्ही तीस दिवस चाललात, म्हणजे ४२०० कॅलरी झाल्या. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. भागाकार केला तर उत्तर येतं अर्ध्या किलोच्या थोडं वर. तुमचं पाऊण किलो उतरलं. म्हणजे चालणं फसलं नाही. सहा आठवड्यांत पाच किलोची अपेक्षा मनात कोणी घातली, तिथे गडबड आहे.

घामामुळेही फसगत होते. मुंबईच्या दमट हवेत टी-शर्ट पिळून निघतो आणि भरपूर चरबी गेल्यासारखं वाटतं. ते पाणी असतं, दोन ग्लास पाणी प्यालं की वजन जागेवर. दुसरी फसगत फेऱ्या संपल्यावर होते. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे दोन सकाळींचं चालणं. ‘आज चाललोय, चालेल’ हे वाक्य ज्या दिवशी तोंडी येईल, त्या दिवशी सावध व्हा.

वजन मुख्यतः स्वयंपाकघरात उतरतं, आणि तिथली सगळ्यात सोपी जागा म्हणजे तेलाचा डबा. घरातलं महिन्याचं तेल भागिले माणसं, एवढंच करून बघा. चौघांना चार लिटर लागत असेल तर माणशी एक लिटर झालं. ते अर्ध्या लिटरवर आणलं तर माणशी महिन्याला सुमारे ४१०० कॅलरी वाचतात, म्हणजे तुमच्या त्या तीस सकाळींइतक्या. त्यासाठी उकडलेलं, बेचव खायची गरज नाही. कढईत डब्यातून थेट धार सोडायची नाही. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढायचं आणि फोडणीला चमचा मोजायचा. पोहे-उपम्याला चौघांत चार चहाचे चमचे पुरतात, फक्त कांदा झाकण ठेवून शिजवा. चहा दिवसातून चार वेळा, प्रत्येकी दोन चमचे साखर घालून होत असेल, तर त्यातच दीडशे कॅलरी जातात. साखर एकदम बंद केली की चार दिवसांत माणूस चिडून परत वळतो. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा.

मग चालायचं कशासाठी? रक्तातली साखर, रक्तदाब, झोप आणि पुढच्या वर्षी उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून. या कामात चालणं पक्कं आहे. म्हणून त्याला वजनकाट्याच्या दावणीला बांधू नका, त्याचं माप वेगळं ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन फेऱ्यांना किती मिनिटं लागली, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. चाललेल्या दिवसावर फुली मारा आणि आठवड्याच्या फुल्या मोजा. चार झाल्या तर आठवडा पास. सलग दिवसांची साखळी जपायला गेलं की एक दिवस तुटला म्हणून सगळंच सुटतं.

वजन करायचं तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर. आठवडाभराची सरासरी काढून मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडा. आदल्या रात्री हॉटेलात जेवलात की मिठामुळे पाणी धरून काटा किलोभर वर जातो. पाळीच्या आधीच्या दिवसांतही तेच होतं, म्हणून मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करणं जास्त खरं. कंबर महिन्यातून एकदा मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेघ धरतात.

आता गजर. पहाटे साडेपाचला स्वतःशी वाद घातला तर झोपच जिंकणार. कपडे आणि बूट रात्रीच बाहेर काढून ठेवा आणि एक किमान ठरवा : एकच फेरी. ती संपल्यावर परत यायची पूर्ण मोकळीक. एकच फेरी झाली तरी फुली मारायचीच.

प्रश्न : विरारहून सकाळची ६.४० ची लोकल पकडतो, ऑफिस नरिमन पॉइंटला. घरी यायला रात्रीचे साडेआठ. व्यायामाला वेळ काढायचा कुठून? लोकलमध्ये उभं राहण्याचा काही उपयोग होतो का? — एक वाचक, विरार

उत्तर : उभं राहून पाय दुखतात, तेवढंच. पण तुमच्या वाटेवरच व्यायाम पडलेला आहे. चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्याऐवजी चालत सुटा. पंधरा-वीस मिनिटांत पोहोचाल, संध्याकाळी परत तेवढंच. पाच दिवसांचे मिळून दीडशे मिनिटं सहज भरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हाच आकडा आहे. निदान दहा मिनिटांचा तुकडा हवा, ही जुनी अटही त्यात राहिलेली नाही. वेगाची खूण अशी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. ऑफिसचे चपटे बूट ड्रॉवरमध्ये ठेवा आणि रस्त्यावर खेळाचे बूट घाला. कातडी तळव्याच्या बुटांनी पेव्हर ब्लॉकवर रोज चाललं की टाच धरते.

त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगितला आहे. तो घरी आल्यावर, आंघोळीच्या आधी. मुंबईत संध्याकाळची आंघोळ चुकत नाही, म्हणून तिलाच खुंटी करा. दारात चपला काढल्या, बॅग ठेवली की थेट सुरुवात. सोफ्यावर बसलात की संपलं.

खुर्चीवरून हात न टेकता दहा उठबशा. भिंतीला हात टेकून दहा दंड. पिशवीत दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या घालून, कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून, कोपर मागे खेचत प्रत्येक हाताने दहा वेळा ओढणं. शेवटी टाचा उचलून पंधरा. अशा तीन फेऱ्यांना बारा ते पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र एकच फेरी करा. पहिल्याच दिवशी हौसेने तिन्ही केल्या तर ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो, स्टेशनचा पूल उतरताना मांड्या थरथरतात आणि ‘हे आपल्याला झेपत नाही’ असा निकाल लागतो. पंधरा उठबशा सहज व्हायला लागल्या की बुटका स्टूल घ्या, आणि दंडांसाठी भिंत सोडून ओट्याच्या कडेला हात टेकवा.

प्रश्न : जानेवारीत जिमवाल्याने वर्षाच्या पैशात तीन महिने फुकट देऊ केलेत. एकदम पैसे भरले की मन लागेल, असं वाटतं. भरू का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : नको. भरलेले पैसे दीड-दोन महिने टोचतात, मग त्यांची सवय होते. एक महिन्याचे भरा, थोडे महाग पडले तरी. जिम स्टेशनवरून घरी येण्याच्या वाटेवर हवी. घरी जाऊन परत बाहेर पडावं लागत असेल तर कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका. आणि ज्या वेळेला जाणार आहात त्याच वेळेला आधी एक चक्कर मारा. संध्याकाळी सातला प्रत्येक मशीनपाशी रांग असेल, तर तुमचा तासाचा व्यायाम दोन तासांचा होणार.

प्रश्न : दर वर्षी तीच कथा. मार्च ते मे नियमित, जूनमध्ये पाऊस, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. नोव्हेंबरात पुन्हा शून्यापासून. एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात, मला तर तीन महिन्यांतही लागली नाही. — एक वाचक, बोरिवली

उत्तर : एकवीस दिवसांचा मंत्र विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ९६ जणांवर केलेला होता. त्यात एखादी गोष्ट आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. माणसामाणसांतली तफावत १८ दिवसांपासून २५४ पर्यंत. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा मार्च ते मे हा काळ वाया गेला असं समजू नका.

तुमची अडचण मात्र वेगळी आहे. तुमची सवय उघड्या रस्त्याला चिकटलेली आहे, म्हणून रस्ता गेला की तीही जाते. पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करा. वेळ तीच, जागा दुसरी. इमारतीचा जिना उत्तम. चार मजले चढून लिफ्टने खाली, असं पाच वेळा, मध्ये मिनिटभर दम घेऊन. गुडघ्याची तक्रार असलेल्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं, म्हणून लिफ्ट. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लिफ्ट नसेल तर कठडा धरून सावकाश उतरा. मे संपायच्या आत आठवड्यातला एक दिवस जिन्यावर काढायला लागा, म्हणजे जूनमध्ये नव्याने सुरुवात करावी लागणार नाही. उघडीप मिळाली म्हणून बाहेर गेलात तर शेवाळलेल्या फरश्या आणि तुळतुळीत झालेले तळवे ही जोडी टाळा. ओले बूट आतले पॅड काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. त्यांना कुबट वास आला की चालणं थांबवायला तेवढं निमित्त पुरतं.

सणांचं म्हणाल तर गणपती ते दिवाळी या दिवसांत वजन उतरवायचा संकल्पच करू नका. आहे तिथे राहिलं तरी मोठं काम झालं. घरचे मोदक तूप घालून खा, दारोदारच्या पेढ्यांचा मात्र एक तुकडा पुरे. उपवासाचा सापळा वेगळाच : साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यावर दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. भरलेली एक ताटली खिचडी नेहमीच्या जेवणाइतकी होते, आणि भूक मात्र दोन तासांत परत. वरीचा भात, दाण्याची पातळ आमटी आणि ताक हे जास्त वेळ धरून ठेवतं.

खंड पडलाच, तर दोन आठवड्यांपेक्षा मोठ्या खंडानंतर पूर्वीच्या निम्म्याने सुरू करा आणि तीन आठवड्यांत मूळ जागी या. थेट जुन्या वेगाला हात घातला की नडगी दुखते आणि पुन्हा खंड.

प्रश्न : पाच महिन्यांत ८२ वरून ७४ किलोवर आलो. गेले सहा आठवडे काटा जागचा हलत नाही. जेवण, चालणं सगळं तेच. — एक वाचक, भांडुप

उत्तर : सगळं तेच आहे, म्हणूनच थांबलंय. आठ किलो कमी ओझं वाहणाऱ्या शरीराला रोज दीडशे-दोनशे कॅलरी कमी लागतात. सुरुवातीला जी तूट होती ती भरून निघाली. शिवाय मोजमापही सैल पडलेलं असतं. पहिल्या महिन्यात मोजून घेतलेला भात आता अंदाजाने पडतो. एक आठवडा वाटी पुन्हा बाहेर काढा. तरीही हलला नाही तर एका वेळचा भात निम्मा करा, दोन्ही वेळचा नको.

प्रथिनं बघा. तुमच्या वजनाला वजन उतरवताना ७५ ते ९० ग्रॅम लागतात. वरण-भात-पोळी-भाजीत बहुतेकांची पन्नाशीही होत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, कोरड्या पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंचवीस, शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस. (ओला बोंबील चवीला कितीही लाडका असला तरी त्यात बरंचसं पाणीच असतं, आणि रव्यात घोळवून तळला की हिशेबच संपला.) मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आई ६३ वर्षांची, मधुमेह आहे, गोळ्या चालू. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण मी रोज मागे लागूनही ती जात नाही. वर म्हणते, ‘दिवसभर घरात चालतेच की.’ — एक वाचक, गिरगाव

उत्तर : मागे लागणं आधी थांबवा. ‘आई, चालायला जा’ हे कान आता ऐकत नाहीत. ‘आई, भाजी आणायला चल, मला मेथी निवडता येत नाही’ याला त्या नाही म्हणणार नाहीत. येताना लांबच्या गल्लीने या. वेळ त्यांना ठरवू द्या. शेजारची एखादी मैत्रीण जोडली गेली तर तुम्ही बाजूला व्हा. खाली कोणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर माणूस जिना उतरतोच.

त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचं चालणं म्हणजे जेवणानंतरचं, तिन्ही वेळा दहा-दहा मिनिटं, चाळीच्या गॅलरीतही चालेल. जेवणानंतर चढणारी साखर वापरायला स्नायू तेव्हा कामाला लागलेले असतात. घरातलं चालणं खोटं नाही, पण ते दोन-दोन पावलांचं; दम लागत नाही. अनवाणी मात्र नको. रात्री तळपाय उजेडात बघायचे, कारण मधुमेहात टोचलेलं कळतच नाही.

गोळ्या कोणत्या, हे डॉक्टरांना विचारून घ्या. साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी चालायला पाठवू नका. चालताना दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसवायचं. शक्य असेल तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल किंवा तपासता येत नसेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या ग्लास पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्यांच्या बटव्यात साखरेची पुडी कायम ठेवा. बिस्किटं किंवा चिक्की नको. त्यातल्या तुपा-दाण्यांमुळे साखर हळू चढते. छातीत दडपल्यासारखं झालं तर मात्र ‘गॅस असेल’ म्हणून वाट बघायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं.