पाण्याच्या वेळेला

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू रडलीस आणि मी तुला फटकारलं. रडण्याचं काही नाही, पण माझा आवाज चढला तो माझ्याच जुन्या दुखण्यापायी. म्हणून लिहितेय.

महिला आघाडीचं सरचिटणीसपद घेऊ की वॉर्डातच राहू, हा तुझा पेच. वर म्हणालीस, ‘मृणालताई गोरेसुद्धा गेल्याच ना दिल्लीला!’ गेल्या, खासदार होऊन. पण कुठून गेल्या? १९५८मध्ये नवरा गेला, तेव्हा त्या तिशीच्या, पदरात लहान मुलगी. १९६१ला मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी प्रशासनाच्या हात धुऊन मागे लागल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही १९७७ची, इंदिरा गांधी हरल्या तेव्हाची घोषणा तुला पाठ आहे. तिच्या आधीची सोळा वर्षं कुणाला पाठ नसतात. आणि दिल्लीत मंत्रिपद देऊ केलं, तर बाईंनी ते नाकारलं!

तू आधी पाण्याच्या वेळेला नळावर जा. पहाटे साडेतीनला पाणी येत असेल तर साडेतीनला. किती वाजता आलं, किती हंडे भरले, शेवटच्या घरी धार कितपत होती, वहीत लिही. ती वही हातात असली की साहेबाला ‘बघतो’ म्हणून सुटता येत नाही.

मी असंच एक पद घेतलं होतं. मुलं लहान होती, घरी सासूबाई आजारी, पहाटे कशी बाहेर पडणार होते? हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच खरं वाटतं. हळदीकुंकू, सत्कार, व्यासपीठावर मागच्या रांगेतली खुर्ची. चार वर्षांनी आमच्याच चाळीत गेले, तर नळावरच्या बाईनं विचारलं, ‘कुणाकडे आलात?’ तसं मी काहीच केलं नाही असंही नाही हं. शहर कमिटीचे दोन ठराव माझ्या हातचे आहेत. असो, ठरावाने हंडा भरत नाही.

महागाईविरोधातला लाटणे मोर्चा आठव. अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, मृणालताई आणि प्रमिलाताई दंडवते समाजवादी. नुसत्या पत्रकावर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर येतात होय? या तिघींना त्या बायकांच्या घरातला रॉकेलचा डबा किती रिकामा आहे ते ठाऊक होतं.

विधानसभा-लोकसभेत बायकांना आरक्षण आलं की तिकीट मिळेल, असं तुला कुणीतरी सांगितलंय. २०२३ची घटनादुरुस्ती मीही वाचली आहे, जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट तिच्यातच आहे. मिळेल तेव्हा घे, जरूर घे. तोवर पाण्याच्या वेळेला नळावर. कंटाळा येईल, मला आला होता.

पद नाकारच असं मी म्हणत नाही. (म्हणतेय खरं तर.) निदान आठवडाभर उत्तर देऊ नकोस. रविवारी ये, पहाटेची वही घेऊनच ये. कोरी असेल तर चहा पाजीन आणि परत पाठवीन.

तुझी,
मावशी