‘जंप द शार्क’ला मराठीत काय म्हणायचं? ‘पाणी घातलं’ चालेल का?

प्रश्न असा आहे: विनोदी मालिका वर्षानुवर्षं चालली की कधीतरी तिची मजा जाते, इंग्रजीत त्याला ‘जंप द शार्क’ म्हणतात, तर मराठीत ‘मालिकेत पाणी घातलं’ म्हटलं की तेच झालं ना?

मला विचाराल तर नाही, तेच नाही. का ते जरा लांबण लावून सांगतो, कारण ह्या एका प्रश्नात दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या गेल्यात.

आधी शार्क. ‘हॅपी डेज’ नावाची अमेरिकन सिटकॉम (सिच्युएशन कॉमेडी, म्हणजे प्रसंगांवर बेतलेली विनोदी मालिका) होती, 1974 ते 1984 चालली. त्यात फॉन्झी म्हणून एक लेदर जॅकेटवाला भारी पोरगा, हेन्री विंकलर काम करायचा. 20 सप्टेंबर 1977 ला जो भाग लागला त्यात हा फॉन्झी वॉटर स्कीइंग करत समुद्रात कोंडलेल्या शार्कवरून उडी मारतो, तेही अंगात लेदर जॅकेट तसंच ठेवून. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात घडणाऱ्या साध्या घरगुती मालिकेत शार्क कशाला, असं लोकांना तेव्हा वाटलं असेल नसेल, पण 1985 मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीत जॉन हाइन आणि त्याचे मित्र, कुठली मालिका नेमकी कधी बिघडली यावर गप्पा मारत बसलेले असताना त्याचा रूममेट शॉन कॉनॉली ह्या प्रसंगाचं नाव घेऊन गेला आणि ते चिकटलं. पुढे 1997 मध्ये हाइनने त्याच नावाची वेबसाइट काढली आणि शब्द सगळीकडे झाला. गंमत म्हणजे तो भाग तेव्हा 3 कोटींहून जास्त लोकांनी बघितला होता आणि मालिका त्यानंतरही जवळजवळ सात वर्षं चालली. म्हणजे शार्क दिसला तो मागे वळून बघताना, उडी मारताना कुणालाच नाही!

आता ‘पाणी घालणे’कडे या. दुधात पाणी घातलं की पातेलं भरलेलं दिसतं पण चव गेलेली असते, तिथून हा वाक्प्रचार मालिकांना लागला आणि फिट बसला, वादच नाही. पण व्याकरणाकडे बघा. पाणी ‘घालतात’, म्हणजे कुणीतरी घालणारा आहे, निर्माता म्हणा चॅनल म्हणा, आणि तो ते मुद्दाम करतोय. ‘ताणली’ मध्येही तेच, सकर्मक क्रियापद, दोष ताणणाऱ्याचा. शार्कवाल्या वाक्प्रचारात मात्र कर्ता खुद्द मालिका असते, तिनेच उडी मारली. दुसरं म्हणजे पाणी घालणं चालू राहू शकतं, ‘अजून घालतायत’, ‘सहा महिने झाले पाणीच घालत बसलेत’. शार्कवरची उडी एकदाच होते, एका ठरावीक भागात. दर आठवड्याला उडी मारली तर ती सर्कस. म्हणजे एक शब्द प्रक्रियेचा, दुसरा क्षणाचा. आपल्याकडे प्रक्रियेचे शब्द ढिगाने आहेत, पाणी, ताणाताणी, चऱ्हाट, गुऱ्हाळ, मारुतीचं शेपूट. क्षणाचा पटकन आठवत नाही.

आणि माझा खरा मुद्दा अजून पुढेच आहे. सिटकॉममध्ये पाणी घातलेलंच नसतं हो!

पाणी कुठे घालता येतं, जिथे एक सलग कथानक आहे तिथे. लग्न होणार आहे, होत नाही, मध्ये कुणाची तरी स्मृती जाते, दोनशे भाग गेले. सिटकॉमचा भाग साधारण बावीस मिनिटांचा, त्यातच गोंधळ सुरू होतो आणि त्यातच निस्तरतो, पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा त्याच सोफ्यावर. पातळ व्हायला तिथे लांब धागा नसतोच. मग बिघडतं काय? पातळ होत नाही, उलट आटतं. माणसं आटतात. प्रत्येक पात्राचा एक गुण उकळून उकळून तेवढाच उरतो, बाकीचं सगळं वाफ होऊन उडून जातं.

ह्यालाही इंग्रजीत शब्द आहे, फ्लँडरायझेशन. ‘द सिम्पसन्स’ मधला शेजारी नेड फ्लँडर्स, त्याच्यावरून. ही मालिका डिसेंबर 1989 पासून चालू आहे. सुरुवातीला फ्लँडर्स म्हणजे चांगला शेजारी, चांगला बाप, मालिकेचा नायक होमर, त्याला त्याचा हेवा वाटायचा, आणि तो देवभोळा होता ही त्यातली एक गोष्ट. हळूहळू ती एकच गोष्ट राहिली. ‘फ्रेंड्स’ मधला जोई बघा, पहिल्या सीझनमध्ये जरा मंद पण व्यवहारात तरबेज असा होता, शेवटी शेवटी त्याला साधं फ्रेंच वाक्य मागून म्हणता येईना आणि विनोद तेवढाच.

तर ह्याला मराठी शब्द शोधायची गरजच नाही, तो आहे आपल्याकडे: अर्कचित्र. व्यंगचित्रवाले वापरतात, माणसाचं नाक मोठं असेल तर चित्रात नाकच नाक. ‘पाचव्या सीझननंतर ह्या पात्राचं अर्कचित्र झालं’ असं म्हटलं की फ्लँडर्सचं नावही न ऐकलेल्या माणसालासुद्धा कळतं. शिवाय अर्क म्हणजेच काढून घेतलेलं सत्त्व, म्हणजे एकच गुण उरणंही शब्दातच आलं. (एखाद्या माणसाला ‘अर्क आहे’ म्हणतो तो अर्थ वेगळा, तिथे कौतुक आणि कंटाळा अर्धा अर्धा असतो.)

जाता जाता, गुऱ्हाळ हा शब्दही मुळात आटवण्याचाच आहे, रस तासन् तास उकळायचा, आणि आपण तो वापरतो लांबवण्यासाठी. खऱ्या गुऱ्हाळात शेवटी गूळ तरी मिळतो.

मराठीत विनोदाची जी विभागणी करतात, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ, शब्दनिष्ठ, ती इथे फार कामाला येते. सिटकॉम म्हणजे नावाप्रमाणे प्रसंगनिष्ठ. पण प्रसंग किती शोधणार, अमेरिकन नेटवर्कवर वर्षाला बावीस-चोवीस भाग लागायचे. मग भार स्वभावावर जातो, आणि हा टप्पा बहुतेक वेळा सगळ्यात मस्त असतो, दुसरा-तिसरा-चौथा सीझन, कारण माणसं ओळखीची झालेली असतात आणि अजून आटलेली नसतात. त्यानंतर उरतात शब्द, तेही नवीन नाहीत, पात्राचं ठरलेलं पालुपद. पालुपद आलं की रेकॉर्ड केलेला हशा आलाच. फॉन्झीचं ते ‘एऽऽय’ आठवा, अंगठे वर करून. कॅचफ्रेजला पालुपद का म्हणत नाहीत कोण जाणे, गाण्यात परत परत येणारी ओळ, तंतोतंत तेच तर आहे.

थांबवत का नाहीत, तर पैसा. अमेरिकेत साधारण शंभर भाग झाले की मालिका पुनःप्रक्षेपणासाठी ठिकठिकाणी विकता येते असा हिशोब होता, म्हणून शंभरपर्यंत रेटायचं, आणि शंभर झाले म्हणजे ती चालतेय, मग थांबायचं कशाला. दरम्यान मूळ लेखक दुसरीकडे गेलेले असतात आणि नवीन येतात ते मालिका बघत मोठे झालेले, त्यांना माणसापेक्षा त्याचं पालुपदच जास्त पाठ. उलट उदाहरण ब्रिटनचं, ‘फॉल्टी टॉवर्स’ चे सगळे मिळून फक्त 12 भाग, 1975 ला सहा आणि 1979 ला सहा, आणि तिला शार्क शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

अजून एक चांगला जुना शब्द पडून आहे, ‘भरतीचा’. कवितेत वृत्त भरायला घातलेल्या शब्दांना भरतीचे शब्द म्हणतात. फिलर एपिसोडला भरतीचा भाग म्हणा की! जुन्या प्रसंगांचे तुकडे जोडून केलेला भाग म्हणजे तर भरतीचा राजा. आणि घरातली पोरं मोठी झाली म्हणून मध्येच आणलेलं नवं गोंडस पोर, जसं ‘द ब्रेडी बंच’ च्या शेवटच्या सहा भागांत 1974 मध्ये ऑलिव्हर आणला, ते भरतीचं पात्र. बंद पडलेली मालिका वीस वर्षांनी त्याच नटांना घेऊन परत आणतात तेव्हा मात्र ‘शिळ्या कढीला ऊत’, त्याला जंप द शार्क म्हणू नका, ते वेगळं दुखणं.

मग त्या क्षणाला काय म्हणायचं? ‘घसरली’, ‘ढेपाळली’ हे शब्द दर्जा सांगतात पण अतिरेक सांगत नाहीत, आणि शार्कमध्ये अतिरेकच महत्त्वाचा आहे, लक्ष वेधायला केलेला आचरटपणा. मला विचाराल तर ‘ताळतंत्र सोडलं’. ‘रोझॅन’ ह्या अमेरिकन सिटकॉमचं उदाहरण घ्या: ‘नवव्या सीझनमध्ये नायिका रोझॅनला लॉटरी लागली आणि मालिकेने ताळतंत्र सोडलं’. कर्ता मालिका, क्रिया एकदाच घडलेली, अतिरेक आहे, आणि ‘ताळ्यावर ये’ असं जे आपण बजावतो त्याच्या बरोब्बर उलट. नुसतं ‘ताळ सोडला’ही चालेल.

शब्दशः भाषांतर मात्र कृपा करून करू नका. ‘मालिकेने शार्कवरून उडी मारली’ म्हटलं की मराठी माणसाला तो पराक्रम वाटतो. बोलताना ‘शार्क जंप केला रे ह्यांनी’ असं पोरं म्हणतात ते मला खटकत नाही, तिथे शार्क निदान परका म्हणून ओळखू येतो.